मुंगीबाईचा पूल

“आजी, थांबा! हलू नका! ...नाही, नाही, हला! मागं या!”

शमीम आमच्या काठावरून ओरडत होती आणि मी हातात आपट्याची पानं घेऊन पुलावर उभी होते. माझ्यापुढे गावातल्या बाया, त्यांच्यापुढे वाघजाईची पालखी, पालखीपुढे भिकूची हलगी, आणि समोरून आलेली पलीकडच्या वाडीची माणसं. खाली परतीच्या पावसाने फुगलेला लाल ओढा. हलगी एवढी जोरात वाजत होती की शमीमचं ओरडणं फक्त आम्हा मागच्या दोघीतिघींना ऐकू आलं, आणि मी सगळ्यात मागे होते. बाकीच्यांना ऐकू आलं असतं तरी ते वळले नसते. तिचं ऐकायचं गावाने पावसाळ्याच्या सुरुवातीलाच सोडलं होतं.

पायाखाली पूल खाली गेला आणि वर आला. तसा तो रोजच करायचा. मग तो पुन्हा खाली गेला, आणि या वेळी वर यायला त्याने उशीर केला.

शमीम मुलाणी माझ्या पडवीत राहायला आली ती या पुलासाठी. आमचा जुना साकव एका पावसात वाहून गेला. पलीकडच्या वाडीला पौडला यायचं तर डोंगराला वळसा पडायला लागला. पुण्यातल्या कुठल्याशा संस्थेचे लोक आले, म्हणाले, आम्ही नवीन तऱ्हेचा पूल बांधून देतो, त्यात लोखंड नसेल आणि सिमेंटही नसेल. सरपंच म्हणाले, मग काय असेल? ते म्हणाले, कापड. गाव पोट धरून हसलं. पण फुकटचा पूल कोण नाकारतो? माझं घर ओढ्याला सगळ्यात जवळ. मुलगा भूगावला फ्लॅटमध्ये, पडवी रिकामी. पुलाच्या यंत्राला वीज माझ्या घरातून गेली आणि यंत्रामागून बाई आली.

ती दिसायला काही विशेष नव्हती. काटकुळी, मनगटावर बापाचं मोठं घड्याळ, ते सारखं कोपरापर्यंत घसरायचं. पौडची. बापाचं खिळेमोळ्यांचं दुकान. आल्याआल्या तिने माझ्या पडवीचा खांब बोटाच्या पेराने ठोकून बघितला, मग उंबरा ठोकला, मग रांजण. मी म्हटलं, “घर इकत घ्यायचंय का?” ती म्हणाली, “नाही आजी, आवाज बघते. आतून पोकळ झालं की आवाज बदलतो.” मी म्हटलं, “मला ठोकू नको म्हंजे झालं.” त्यावर ती हसली, पण नंतर एकदा माझ्या गुडघ्यालाही तिने पेर लावलं.

माझी शाळा चौथीपर्यंत. तिने पूल कशाचा आहे ते मला सांगायचा प्रयत्न केला तेव्हा मी गोधडी शिवत होते. ती बराच वेळ बोलली. काचेचे धागे, डिंकासारखा चिकट रस, कार्बनच्या नळ्या. नळ्या एवढ्या बारीक की डोळ्याला दिसतच नाहीत, पण अशा असंख्य नळ्या पिळल्या की त्यांचा काळा दोरा होतो. मला काही कळेना. शेवटी तिने माझ्या हातातली गोधडी ओढून घेतली.

“हे बघा. जुन्या लुगड्यांचे थर घेतलेत ना तुम्ही? पूल म्हणजे तेच. कापडाचे थर, मधे रस, तो वाळला की दगडासारखा कडक. आणि तुम्ही दोरा घालता तसा थरांमधून मी माझा काळा दोरा घातलाय.”

“शिवायला?”

“नाही. विचारायला.”

मग तिने सांगितलं, त्या दोऱ्यातून ती वीज सोडते. पुलावर वजन आलं की पूल ताणतो, दोरा ताणतो, आणि विजेला त्यातून जायला जड होतं. किती जड होतं त्याचा आकडा यंत्रावर दिसतो. वजन गेलं की पूल सैल, दोरा सैल, आकडा खाली. आत कुठे थर सुटला, दोरा तुटला, तर मात्र वजन गेलं तरी आकडा पुरता खाली येत नाही.

हे मला कळलं. गोधडी वरून चांगली दिसते आणि आत थर तुटून त्याचे गोळे झालेले असतात. हात फिरवल्याशिवाय कळत नाही. तिने पुलावरून सतत हात फिरवत राहायची सोय केली होती, एवढंच.

तेव्हापासून तिचा एक शब्द आमच्या घरात राहिला. “उतरलं का?” ती हा प्रश्न यंत्राला विचारायची, चुलीवरच्या दुधाला विचारायची, माणसांनाही विचारायची. माझा मुलगा एकदा जमीन बिल्डरला द्यायची म्हणून आला. आमचं कडाक्याचं वाजलं आणि तो न जेवता निघून गेला. दुसऱ्या सकाळी मी भाकरी थापत होते. ती दारात उभी.

“उतरलं का, आजी?”

“माणसाचं उतरत नसतं. बोलायचं बंद करतो आपण, एवढंच.”

ती म्हणाली, “मग तुम्हाला पण दोरा घालायला पाहिजे.”

“गळ्यात एक हाय की,” मी म्हटलं, “ज्यानं घातला तो गेला, दोरा ऱ्हायलाय.”

कोंबडीला ती भ्यायची. मुलाण्याची पोर आणि कोंबडीला भिते, म्हणून मी तिला फार चिडवलं. तिचा आजा आमच्या गावचा मुलाणी. देवीच्या बकऱ्यावर पहिली सुरी त्याची आणि दसऱ्याला पालखीपुढे ऊद त्याचा. पालखी गावाची शीव ओलांडण्याआधी मुलाण्याने ऊद दाखवायचा, मगच देवी पुढे जाणार. मी लग्न होऊन आले तेव्हा म्हातारा होता. खरखरीत आवाजाचा, पांढऱ्या दाढीचा, हातात निखाऱ्याचं धुपाटणं. पुढे तिच्या बापाने पौडला दुकान टाकलं, म्हातारा तिकडे गेला, तो मान गुरवच उरकायला लागला. शमीम म्हणायची, “आजा मरेपर्यंत त्या उदाचंच बोलत होता. माझा मान, माझा मान. आम्हाला वैताग यायचा. धुराचा कसला मान?”

पण धूर तिच्याकडेही होता. तारांना डाग द्यायला ती पिवळी राळ वापरायची, एका चपट्या डबीत असायची ती. तापलेली सळई राळेला लागली की पांढरा धूर निघायचा आणि माझी पडवी देवळासारखी दरवळायची. मी तसं म्हटलं, तर ती नाकाने वास ओढून म्हणाली, “आमच्या आज्याच्या खोलीसारखी.”

पूल सुरू झाल्यावर ती पुण्याला जाऊन येऊन राहू लागली. आकडे तिला मोबाईलवर दिसायचे. एकदा भर दुपारी तिचा फोन.

“आजी, पुलावर कोण आहे?”

“कुनी न्हाई.”

“असं कसं? आकडा चढलाय आणि उतरत नाहीये. जाऊन बघा ना.”

मी गेले. माझी म्हैस पुलाच्या तोंडाशी बसलेली, खालून ओढ्याचा गार वारा, डोळे मिटून रवंथ चाललेलं. मी फोनवर म्हटलं, “माझी म्हस बसलीया.” ती म्हणाली, “तिला उठवा आणि सांगा उठली की.” मी उठवली. ती ओरडली, “उतरला!” पुण्यात बसून माझ्या म्हशीचं वजन ओळखणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. शेपटीकडून उठते की तोंडाकडून, तेवढं तिला विचारायचं राहिलं.

मग पावसाळा लागला आणि मुंग्यांचं प्रकरण झालं.

पहिल्या मोठ्या पावसात आकडा चढला आणि चढलाच. शमीम भिजत आली, बघितलं, ठोकलं, आणि दोन्ही तोंडांना बाभळीच्या काट्या लावून पूल बंद केला. पलीकडच्या वाडीची माणसं काठावर जमली. सखू धनगरीण दुधाची किटली डोक्यावर घेऊन उभी होती. तिने तिकडूनच तोंड सोडलं.

“काय झालंय पुलाला? धड तर दिसतोय!”

“आतून काही तुटलं असेल,” शमीम म्हणाली.

“असंल? असंल म्हंजे? तुज्या असंलपायी आमी डोंगराला येढा घालायचा व्हय?”

शमीमला ‘नक्की’ म्हणताच यायचं नाही. ‘सध्या तरी’, ‘बहुतेक’, ‘असेल’, असंच तिचं बोलणं. शिकलेल्यांना ते खरं बोलणं वाटतं. गावाला ते टाळणं वाटतं. वाडीच्या लोकांनी पावसात वळसा घातला. सखूचं दूध नासलं. एक ताप आलेली म्हातारी खाटेवरून डोंगराकडून न्यावी लागली. ती बरी झाली, पण खाट धरणारे शमीमला शिव्या देत चालले होते.

मग शमीमने पुलाच्या तोंडाशी असलेल्या खांबावरची यंत्राची पेटी उघडली. आत मुंग्यांनी वारूळ केलं होतं. ओली माती, अंडी, सगळं तारांच्या सांध्यावर. पुलाला काहीही झालं नव्हतं. झालं होतं ते पेटीला.

तिने ते लपवलं नाही. सरळ पारावर जाऊन सांगितलं, “चूक माझी. मुंग्या होत्या.” मला वाटतं तिने लपवलं असतं तर बरं झालं असतं. गावाला माणसाची चूक चालते, हसू आणणारी चूक चालत नाही. त्या दिवसापासून ती मुंगीबाई झाली. पालखीचा पुढचा दांडा धरणारा सोपान, आमच्यातला सगळ्यात तोंडाळ माणूस, तिला बघितलं की साखरेची पुडी दाखवायचा. “काय मुंगीबाई, आज पूल चालू का बंद? का मुंग्यांना इचारून सांगता?”

ती हसायची. पण त्यानंतर तिने पेटी रबराने बंद केली, आणि येईल तेव्हा उघडून आत बघायची सवय लावून घेतली. कोरडी, स्वच्छ, एकही मुंगी नाही, एवढं तिला स्वतःला सांगता यावं म्हणून.

दसऱ्याच्या तोंडावर परतीचा पाऊस जोरात झाला. वरून एक आख्खं झाड वाहत आलं आणि पुलाच्या पोटावर आदळलं. आवाज माझ्या घरात आला. झाड अडकलं, फिरलं, निघून गेलं. पूल जागच्या जागी. वरून ओरखडाही नाही, कारण लागलं ते खालून.

शमीम आली. पेटी उघडली. कोरडी. आकडा थोडा वर होता आणि उतरत नव्हता. तिने पुण्याला तिच्या वरच्यांना फोन केला. ते म्हणाले, दमटपणाने होतं असं, वाट बघा. पूल बंद करायचा हुकूम त्यांच्याकडून येईना, आणि हुकमाशिवाय काट्या लावायची तिची पत मुंग्यांनी खाल्ली होती. ती सरपंचांकडे गेली. ते म्हणाले, “आता दसऱ्याला पूल बंद? पालखी काय पवून न्यायची? दसरा होऊ दे, मग बघू.”

ती परत येऊन पडवीत बसली. मी चहा दिला. तो तिने गार होऊ दिला.

“आजी, पालखीबरोबर किती माणसं असतात?”

“गाव असतं.”

“थोडे थोडे करून गेले, भरभर गेले, तर चालेल. सध्या तरी. एवढं थोडं तुटलेलं असलं तरी चालेल.”

“मग भरभर जातील,” मी म्हटलं.

इथे चूक झाली, आणि ती कुणा एकाची नव्हती. ओढ्याचा मध्य म्हणजे आमची आणि वाडीची शीव. दसऱ्याला पालखी शिवेवर थांबते. वाडीची माणसं समोरून येतात, सगळे एकमेकांना सोनं देतात, गळाभेट होते, मग देवी पुढे जाते. पूर्वी हे पाण्यातल्या मोठ्या खडकावर व्हायचं. दोन वर्षं साकव नव्हता तेव्हा ते आपापल्या काठांवरूनच उरकलं. आता पूल झाला, तर शीव पुलाच्या मध्यावर आली. हे शमीमला कुणी सांगितलं नाही. जे सगळ्या गावाला ठाऊक असतं ते कोण कुणाला सांगतं? आणि तिला विचारायचं सुचलं नाही. तिने पूल ओलांडायला बांधला होता. त्यावर सगळं गाव आणि सगळी वाडी एकत्र उभी राहील हे तिच्या कुठल्या आकड्यात नव्हतं.

पालखी निघाली. शमीम काठावर मोबाईल घेऊन उभी. सोपान जाताना म्हणाला, “मुंगीबाई, साखर ठेवलीया का?” पालखी पुलावर गेली. मध्यावर गेली. आणि थांबली.

तिने पुढे मला सांगितलं, तेव्हा तिने काय पाहिलं. माणसं थांबली म्हणजे वजन थांबलं. वजन थांबलं की आकडाही थांबायला पाहिजे. तो थांबला नाही. वजन तेवढंच आणि आकडा चढतोच आहे. म्हणजे आत एकेक दोरा तेव्हाच, त्याच घडीला तुटत होता.

म्हणून ती ओरडत होती. “आकडा चढतोय! पूल सोडा!” माझ्यापुढच्या एकीने वळून पाहिलं आणि म्हणाली, “मुंग्या आल्या वाटतं परत.” बाया हसल्या. मीही वळले, पण हसायला नव्हे, तर पूल वर यायला वेळ लावत होता म्हणून.

शमीमने मोबाईल खाली केला. तिचं तोंड मला दिसत होतं. मग तिने हाक मारली ती वेगळ्याच आवाजात, खरखरीत, पोटातून. मला म्हातारा आठवला.

“आजी! गुरवाला सांगा, मुलाण्याचा ऊद राहिलाय! मुलाणी काठावर उभा आहे म्हणावं, पालखी फिरवा!”

मी बायांना कोपराने बाजूला सारत पुढे गेले आणि गुरवाचं धोतर ओढलं. “गुरवा, मुलाणी आलाय. उदाचा मान मागतोय.”

गुरव माझ्याच वयाचा. आकडा त्याला कळला नसता, पण हे कळलं. त्याने काठाकडे पाहिलं. मुलाण्याचं घराणं येऊन उभं आहे आणि त्याला डावलून देवी शीव ओलांडते, हे त्याला झेपणारं नव्हतं. त्याने हात वर केला. “पालखी मागं!”

सोपान म्हणाला, “आरं काय येड लागलंय का?”

“मागं म्हनलं ना! मान ऱ्हायलाय!”

पालखी फिरली. देवी फिरली की तिच्यामागे उभ्या माणसांना फिरावंच लागतं. आम्ही बाया आधी मागे निघालो, मग पालखी. समोर वाडीची माणसं होती, तीही आपल्या काठाला सरकली, कारण देवी नसताना शिवेवर उभं राहायचं नसतं. ही आमची जुनी रीत. तिचा उपयोग कधी होईल असं मला वाटलं नव्हतं.

भिकू पालखीच्या पुढे होता, त्यामुळे फिरल्यावर तो शेवटचा झाला. तो वाजवतच आला. पालखी खाली टेकत नाही तोवर हलगी थांबवायची नाही. त्याचा एक पाय काठावर आणि एक पुलावर असताना पुलाच्या पोटातून आवाज आला. लाकूड मोडल्यासारखा नाही. नवं कापड टराटरा फाडावं तसा. पुलाचा मध्य हातभर खाली बसला आणि तसाच लोंबत राहिला.

हलगी थांबली. पलीकडे सखूने तोंडावर पदर दाबलेला. सोपानच्या खांद्यावर अजून दांडा होता, तो खाली ठेवायचं त्याला सुचेना.

शमीम मातीत बसली होती. गुरव तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. मला वाटलं, पाया पडतो की काय. पण गुरव तसा नाही.

“ऊद कुटं हाय?”

“काका, मी... तुम्ही परत यावं म्हणून...”

“देवीला मागं बोलावलंस न्हवं? मान मागितलास न्हवं? मग दाव ऊद. खोटं बोलून फिरवली आसं व्हायचं न्हाई.”

तिने इकडेतिकडे पाहिलं. मग खिशात हात घातला आणि ती चपटी डबी काढली. गुरवाने निखाऱ्याचं धुपाटणं पुढे केलं. तिने राळेचा खडा त्यावर टाकला. पहिला खडा मातीत पडला. दुसरा निखाऱ्यावर पडला आणि पांढरा धूर निघाला. तोंडातल्या तोंडात बिस्मिल्ला म्हणून तिने तो पालखीपुढे ओवाळला. घड्याळ घसरून कोपराला गेलेलं. वास बरोबर होता. गुरवाने नाकाने ओढून मान हलवली आणि म्हणाला, “म्हाताऱ्याचा व्हता तसाच हाय.”

सोनं आम्ही त्या वर्षी पुन्हा दोन काठांवरून दिलं, हात हलवून. तिन्हीसांजेच्या आत ओढ्याने पूल नेला.

नंतर मोठमोठे लोक आले, फोटो काढले, तिची पाठ थोपटली. सोपानने साखरेची पुडी पुन्हा दाखवली नाही, पण मुंगीबाई हे नाव त्याने सोडलंही नाही. फक्त आता तो ते हळू म्हणतो. आता ओढ्यावर लोखंडाचा पूल आहे. तो काही सांगत नाही आणि आम्हीही त्याला विचारत नाही. दसऱ्याला मात्र पालखी त्याच्यावर थांबत नाही. खडक उघडा असेल तर खडकावर, नाहीतर काठांवरून.

शमीमला मी शेवटचं पाहिलं ते पाणी उतरल्यावर. पुलाचा एक तुकडा खाली खडकात अडकला होता, तो न्यायला ती टेम्पो घेऊन आली. मी तिला वाटेसाठी शेंगदाणे दिले. ती पुढे ड्रायव्हरशेजारी न बसता मागे त्या तुकड्याजवळ बसली. तुकड्यातून काळे दोरे बाहेर आलेले, केसांसारखे. त्यातल्या एका न तुटलेल्या दोऱ्याला तिने तार जोडली होती आणि मांडीवर यंत्र होतं.

“आता कसलं वजन मोजतेस?” मी विचारलं.

“कसलंच नाही. आता त्याच्यावर काहीच नाही.” तिने यंत्र माझ्याकडे फिरवलं. आकडा मला वाचता येतो, पण किती म्हणजे फार हे मला ठाऊक नाही.

“उतरलं का?”

तिने मान हलवली. नाही. मग तुकड्याला एकदा पेराने ठोकलं, कान लावला, आणि टेम्पो निघाला. खड्ड्यात मागचं चाक उडालं तेव्हा तिने तुकडा दोन्ही हातांनी धरला, आपला तोल धरला नाही.

त्या दिवशी पुलावर होतो ते सगळे जगलो. भिकू पुढच्या उन्हाळ्यात गेला, पण तो दम्याने. गुरव आहे, सोपान आहे, पलीकडे सखू आहे. मी आहे.